पंचवीस डॉलरच्या आत : ऑस्ट्रेलियन वाइनच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, मेलबर्न

प्रकल्प ठरला. दहा ते पंचवीस डॉलरमध्ये मिळणारी ऑस्ट्रेलियन वाइन चाखायची, आपल्या जेवणाबरोबर ती कशी लागते ते बघायचं आणि इथल्या मराठी मित्रमंडळींना दुकानात उभं राहून वापरता येईल अशी यादी करायची. आमच्यात बहुतेक जण सवलतीत दिसेल ती शिराझ ही लाल वाइन उचलतात. घरी आल्यावर ती मटणाबरोबर जड होते, माशाबरोबर कडवट लागते, आणि मग ‘वाइन आपल्या जेवणाला चालत नाही’ असं ठरून जातं. माझं म्हणणं आहे की चालते, बाटली नीट निवडायला हवी.

पद्धत साधी. बाटल्या कागदी पिशवीत, किंमत शेवटी सांगायची. प्रत्येकाला दोन घोट. आधी नुसती चाखायची, मग खाण्याबरोबर. इथे प्रत्येक बाटलीवर ‘स्टँडर्ड ड्रिंक’चा आकडा छापलेला असतो. एक म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत आठ बसतात. गाडी चालवणाऱ्याने थुंकायचं, त्यासाठी टेबलावर स्टीलचं पातेलं ठेवलंय. याला कुणीही हसायचं नाही, हाही नियम.

चवीचे शब्द आपल्याला येतील ते. लेबलवर ब्लॅककरंट लिहिलं असेल आणि आम्हाला जांभूळ आठवलं, तर वहीत जांभूळच जाईल.

२२ फेब्रुवारी

रीझलिंग, म्हणजे याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. आज पारा छत्तीसवर गेला, त्यामुळे लाल वाइन बाजूला सारून इथूनच सुरुवात केली.

मुख्य बाटली जिम बॅरीची वॉटरव्हेल रीझलिंग, साधारण वीस डॉलर. क्लेअर व्हॅली ॲडलेडच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. दिवस तापलेले, पण जमीन चार-पाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री गार. द्राक्ष पिकतं पण आंबटपणा सोडत नाही, हे त्या गार रात्रींचं काम. वॉटरव्हेलला लाल मातीखाली चुनखडी आहे, पलीकडच्या पोलिश हिल रिव्हरला पाटीचा दगड. तिकडची रीझलिंग जास्त ताठ, वॉटरव्हेलची जरा लवकर खुलणारी.

पहिल्याच वासाला कागदी लिंबाची साल. रस नव्हे, सालच, नखाने खरवडल्यावर येते तशी. मागून थोडं हिरवं सफरचंद. जिभेवर पूर्ण कोरडी, गोडवा नाही. घोट गिळल्यावर दाढांच्या मागे पाणी सुटतं आणि सुटत राहतं. एका वहिनींनी वास घेऊन विचारलं, “ही गोड असते ना? जर्मनीत असताना प्यायलेली गोड होती.” तिथल्या काही असतात, क्लेअरच्या बहुतेक सगळ्या कोरड्या.

फ्लॅटहेड हा इथल्या पोर्ट फिलिप खाडीतला मासा. त्याला हळद, तिखट, आमसुलाचा कोळ लावून, रव्यात घोळवून तळला. वाइनने तेलकटपणा कापला आणि माशाची गोडी वर आली. कोथिंबीर वडीबरोबर त्याहून बरी. कोथिंबीर आणि ही लिंबाची साल एकमेकांना ओळखतात असं वाटलं.

सोबत एकाने घरात ठेवून दिलेली जुनी रीझलिंग आणली होती. तिला रॉकेलचा मंद वास येतो. हा दोष नाही. टीडीएन नावाचं संयुग मुरताना तयार होतं, त्याचा तो वास, आणि उन्हाळी प्रदेशातल्या रीझलिंगमध्ये तो लवकर येतो. दोघांना अजिबात आवडला नाही. मला आवडतो, पण रॉकेलमागे लिंबाचं लोणचं लागलं पाहिजे. या बाटलीत लागलं.

झाकणाबद्दल लिहून ठेवतो. २००० सालच्या हंगामात क्लेअरच्या रीझलिंगवाल्यांनी एकत्र येऊन बूच सोडलं आणि फिरकीचं झाकण घेतलं. बुचातून येणाऱ्या कुबट वासाने त्यांच्या नाजूक वाइनचं नुकसान होत होतं. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा समज आपल्याकडे अजून आहे. इथे तो कधीच मागे पडला. स्वस्त बाटलीतला खराब निघण्याचा मोठा धोका या झाकणाने घालवला.

१५ मार्च

कॅबरने सोव्हिन्यॉं, लाल वाइन. आज मोकळेपणाने लिहायचं आहे, कारण इथेच मला या प्रकल्पाचा धागा मिळाला.

पंधरा ते अठरा डॉलरच्या तीन बाटल्या पिशवीत. दोन चालल्यासारख्या, तिसरी फार वाईट. नाव लिहीत नाही. वासाला नुसता व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा गोड दर्प, तोंडात जांभळाचा जॅम, आणि शेवटी सुताराच्या भुशासारखी कोरड. द्राक्ष कुठे गेलं ते कळेना.

हिशेब मांडला. वाइनला लाकडाची चव नीट यायची तर नवं ओकचं पिंप लागतं. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. नवं फ्रेंच पिंप दीड हजार डॉलरला धरलं तरी बाटलीमागे पाच डॉलर नुसत्या लाकडाचे. वर घाऊक किमतीवर २९ टक्के वाइन इक्वलायझेशन टॅक्स आणि त्यावर १० टक्के जीएसटी. बाटली, लेबल, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे वेगळं. पंधरा डॉलरच्या बाटलीत या हिशेबात नवं पिंप बसूच शकत नाही. म्हणून स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या सोडतात किंवा तुकडे टाकतात. कायद्याने चालतं, आणि जपून केलं तर वाईटही लागत नाही. पण महाग वाइनची नक्कल करायला निघालेली स्वस्त वाइन उघडी पडते ती इथेच.

मग पंचवीसच्या आत घ्यायचं काय? जिला मुळात पिंपाची गरजच नाही ती. रीझलिंगला नाही. सेमियॉनला नाही. मार्सानला नाही. तिन्ही पांढऱ्या. या वाइन वीस डॉलरला पूर्ण असतात, कुणाची गरीब आवृत्ती नसतात. दुसरी वाट म्हणजे फॅशनमधून बाहेर गेलेली द्राक्षं. त्यांच्या वेली जुन्या असतात, जमिनीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, आणि गिऱ्हाईक कमी असल्यामुळे भाव चढत नाही. आता या दोन वाटांनी पुढे जायचं.

कॅबरनेवर अन्याय नको. चालल्यासारख्या दोनपैकी एक कूनावाराची होती, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाकडची. तिथे चुनखडीवर लालभडक मातीचा एक लांबट पट्टा आहे, त्याला टेरा रोसा म्हणतात. या बाटलीत जांभूळ होतं, तमालपत्र होतं, आणि निलगिरीचा थंड वास तर सरळ येत होता. ही कल्पना नाही. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने दाखवलंय की मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असली की जवळच्या ओळींतल्या द्राक्षांवर तिचं तेल बसतं, आणि तोडणीत पानं मिसळली तर वास आणखी वाढतो. सर्दीत छातीला चोळायच्या बामची आठवण सगळ्यांना एकदम आली. निम्म्यांनी त्यामुळे ग्लास खाली ठेवला, निम्म्यांनी पुन्हा भरून मागितला.

३१ मार्च

काल पाडवा. सणाच्या दिवशी बाटली उघडत नाही, म्हणून आज. काल उरलेल्या पुरणपोळ्या तव्यावर तूप सोडून कडक केल्या आणि रदरग्लेनची मस्कट, म्हणजे मुरलेली गोड वाइन, काढली. मॉरिसची क्लासिक, अर्ध्या लिटरची बाटली, वीसच्या थोडी पुढे.

रदरग्लेन हे आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर टोकाचं, मरी नदीजवळचं गाव. मॉरिस घराणं तिथे १८५९ पासून आहे. ब्राउन मस्कट द्राक्ष वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवतात. रस आंबायला लागला की थोड्याच वेळात त्यात स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, म्हणजे साखर आत राहते. मग जुन्या पिंपांत, पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं. पाणी उडत जातं, वाइन घट्ट होत जाते. जुन्यात नवी, नव्यात जुनी मिसळत चव सांभाळतात. चार पायऱ्या आहेत : रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड, रेअर. रेअरमध्ये सरासरी वीस वर्षांहून जुनी वाइन असते आणि ती आपल्या किमतीत येत नाही. क्लासिक येते.

ग्लास तिरका करून सरळ केला. काचेवर तपकिरी पडदा राहिला, तो खाली यायला बराच वेळ लागला. कडेला हिरवट पिवळी छटा. वास मनुकांचा, मग काकवीचा, मग भाजलेल्या अक्रोडाचा, आणि अगदी शेवटी गुलकंद. तोंडात प्रचंड गोड, पण चिकट नाही, कारण तळाशी आंबटपणा आहे आणि साडेसतरा टक्के अल्कोहोलची ऊब.

पुरणपोळीबरोबर एरवी कुठलीही वाइन टिकत नाही. गुळापुढे सगळ्या आंबट आणि पातळ पडतात. ही टिकली. पुरणातलं जायफळ आणि हिच्यातलं मुरलेपण एकत्र आलं, तुपाने दोन्ही बांधलं. एक चमचाभर पुरे. सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्यांनी वाटीतून वास घेतला आणि म्हणाल्या, “द्राक्षासवासारखं आहे की गं हे.” खरंच आहे. घरात कायम असावी अशी बाटली, उघडल्यावर कितीतरी आठवडे टिकते. आजवरची सगळ्यात मोठी शिफारस.

२६ एप्रिल, नगांबी

मेलबर्नहून दीड तासावर टाबिल्क. गोल्बर्न नदीच्या वळणात, १८६० सालापासूनचा मळा. लाकडी मनोरा, जुन्या इमारती, खाली १८७०च्या दशकात खणलेलं तळघर. पायऱ्या उतरल्या की गारवा अंगावर येतो, आणि ओल्या दगडाचा, जुन्या लाकडाचा, सांडलेल्या वाइनचा एक वास.

आलो ते मार्सानसाठी. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठचं पांढरं द्राक्ष. इथल्या वेली १९२७ मध्ये लावलेल्या, आणि मार्सानची एवढी मोठी लागवड जगात फार थोड्या ठिकाणी आहे. त्या जुन्या वेलींची वाइन वेगळी काढतात आणि अनेक वर्षं ठेवून विकतात. पण नेहमीची मार्सान वीस डॉलरच्या आत मिळते, आणि ती पिंपात जात नाही.

ताजी मार्सान पहिल्या घोटाला फारसं काही सांगत नाही. लिंबू, थोडा नाशपाती, फुलांचा अंदाज. एका मित्राने तोंडावरच म्हटलं, “यात काय आहे एवढं?” मग पाच-सहा वर्षं मुरलेली ओतली. तीच द्राक्षं, तीच पद्धत, तीच माणसं. रंग पिवळा झालेला. वासाला मध आणि मेण, पोळं फोडल्यावर येतो तो वास, आणि त्यात भाजलेल्या ब्रेडची कड. पण तोंडात अजून लिंबू आहे, सरळ आणि ताजं. तो मित्र बराच वेळ ग्लास फिरवत उभा राहिला आणि शेवटी खोकंभर घेऊन गेला.

स्वस्त वाइन ठेवून बघायची असते ही कल्पनाच आपल्याकडे नाही. मुरवायची ती महागाची, असं वाटतं. मार्सान, क्लेअरची रीझलिंग, हंटरची सेमियॉन या तीन बाटल्या वीस-पंचवीस डॉलरला घेऊन अंधाऱ्या गार कपाटात आडव्या टाकल्या, तर सात-आठ वर्षांनी पन्नास डॉलरच्या वाइनने लाजावं अशा होतात. यात पैसा वाइनरीचा नाही, आपला वेळ लागतो. मेलबर्नच्या घरात गॅरेज तापतं, तिथे ठेवू नये. बेडरूमच्या कपाटाचा तळ चांगला.

इथे शिराझच्या १८६०च्या काही वेली अजून उभ्या आहेत. फिलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा कीटक १८७७ मध्ये जीलाँगला सापडला आणि नंतर व्हिक्टोरियातले मळेच्या मळे त्याने संपवले. हा छोटा तुकडा वाचला, वालुकामय जमिनीत तो कीटक नीट पसरू शकत नाही. कुंपणापासून बघितल्या. बुंधे मांडीएवढे, पिळवटलेले, सालपटं निघालेली, आणि पानं पिवळी व्हायला लागलेली. यांची वाइन आपल्या यादीत बसत नाही, किंमत शेकड्यात आहे. पण बघायला पैसे पडत नाहीत, आणि बघावंच.

१० मे

व्हियोनिए, हेही पांढरं द्राक्ष. यालुम्बा वाइनरीने १९८० मध्ये ईडन व्हॅलीत लावली तेव्हा हे द्राक्ष जगातून जवळपास हद्दपार झालं होतं. वाय सिरीजची बाटली पंधराच्या आत. जर्दाळू, मोगरा, थोडं आलं. जराशी तेलकट, आंबटपणा कमी. पनीर टिक्क्याबरोबर बरी, वरणभाताबरोबर नको. दुसरा ग्लास कुणी मागितला नाही.

१७ मे

हंटर व्हॅली सेमियॉन. सिडनीच्या उत्तरेला दोन तास. खरं तर तिथे द्राक्ष लावूच नये असं हवामान : दमट, उष्ण, आणि ऐन तोडणीत पाऊस. पण तिथल्या लोकांनी पाऊस येण्याआधी, जानेवारीतच, अर्धवट पिकलेलं सेमियॉन तोडायला सुरुवात केली. साखर कमी म्हणून अल्कोहोल दहा-अकरा टक्केच. पिंप नाही. पूर्वी हिलाच हंटर रिव्हर रीझलिंग म्हणून विकत.

टिरल्सची साधी हंटर सेमियॉन घेतली, पंचवीसच्या आत. हे घराणं तिथे १८५८ पासून. ताजी बाटली म्हणजे ईडलिंबू, ओलं गवत आणि आवळा चावून पाणी प्यायल्यावर राहते ती हलकी गोडी. नुसती प्यायली तर अंगावर येते. म्हणून सिडनी रॉक ऑयस्टर आणले होते. आमच्यातले एक काका मालवणचे, ते लगेच म्हणाले, “कालवंच ही, फक्त मोठी.” त्यांनी त्यावर लिंबू पिळू दिलं नाही, वाइनच लिंबाचं काम करते म्हणाले. करते. खारट कालव, वर घोटभर सेमियॉन, आणि समुद्र तोंडात स्वच्छ होऊन जातो. मग त्यांनी थोडी कालवं कांद्याखोबऱ्याच्या वाटणात केली, त्याच्याबरोबरही चालली. अल्कोहोल कमी असल्यामुळे तिखट भडकत नाही. हे महत्त्वाचं आहे. साडेचौदा टक्क्यांची वाइन मिरचीचा जाळ वाढवते, हे आपल्या जेवणाबाबत सगळ्यांत आधी लक्षात ठेवायचं. बाटली हातात घेतली की रंगाआधी मागच्या लेबलावरचा टक्का बघायचा.

३ जून

पुण्याहून मामेभावाचा फोन. “तुझी यादी पाठव, आता करार झालाय म्हणे, स्वस्त झाली असेल.”

करार झालाय. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. पण सवलत बाटलीच्या आयात किमतीवर अवलंबून आहे. पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवर सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येईल. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वर आलं आणि २५ पर्यंत उतरेल. पाचच्या खालच्या बाटलीला काहीच सूट नाही. म्हणजे अगदी स्वस्त वाइन पुण्यात होती तिथेच आहे, आणि फायदा मधल्या, वरच्या बाटल्यांना. वर राज्याचं उत्पादन शुल्क आहेच. त्याला सांगितलं, लेबलावरच्या ब्रँडच्या नावाआधी प्रदेश वाच. नुसतं ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेलं असेल तर द्राक्ष तीन-चार राज्यांतून कुठूनही आलेलं असू शकतं. क्लेअर, ईडन, हंटर असं दिसलं तर दोन पैसे जास्त दे.

२१ जून

आज खोक्यातली वाइन. इथे हिला कास्क म्हणतात, पोरं ‘गून’ म्हणतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी ही युक्ती ऑस्ट्रेलियाचीच, १९६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कच्या थॉमस अँगोव्हने पेटंट घेतलं. पिशवी आकसत जाते, आत हवा शिरत नाही, म्हणून वाइन आठवडे टिकते. वाइन कर किमतीवर आहे, अल्कोहोलवर नाही. त्यामुळे चार लिटरच्या खोक्यावर कर फारच थोडा पडतो आणि अल्कोहोल इतर कशाहूनही स्वस्त मिळतो. याने ज्या वस्त्यांत घरं मोडली आहेत त्यांची मला काळजी वाटते, म्हणून हे खोकं यादीत जाणार नाही. चवीलाही पातळ, गोडसर, संपता संपता काहीच नाही.

पण खोक्याच्या इतिहासात एक गोष्ट आपल्या घरची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात या खोक्यांत भरपूर सुलताना द्राक्ष जायचं. सुलताना म्हणजे आपली थॉमसन सीडलेस. सांगली-तासगाव-सोलापूर पट्ट्यातल्या सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन या सगळ्या थॉमसनमधूनच निवडलेल्या. इथे मिल्ड्युराच्या आसपास, मरी नदीच्या पाण्यावर, हेच द्राक्ष खायला, सुकवायला आणि वाइनला असं तिन्हीकडे वापरायचे. आणि आपला बेदाणा ज्या पद्धतीने होतो, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून शेडमध्ये जाळीवर पसरायचे, ती पद्धतही इथल्याच मळ्यांतून तिकडे गेली. माझं आजोळ तासगावकडचं. शेडमधला तो वास मला नाकात आहे, आणि मिल्ड्युराच्या बाहेर रॅकवर सुकणारी द्राक्षं बघून तोच वास आला होता.

याच सुलतानाचा पोर्तुगालच्या टुरिगा या लाल द्राक्षाशी संकर करून १९६५ मध्ये मिल्ड्युराजवळच्या मर्बिन इथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या केंद्रात टॅरँगो तयार झालं. उन्हाळी भागात आंबटपणा टिकवणारं लाल द्राक्ष हवं होतं. ब्राउन ब्रदर्स या वाइनरीने ते लोकांपर्यंत नेलं. फिकट लाल, करवंदाचा रस, तुरटपणा जवळजवळ नाही, फ्रीजमधून काढून प्यायची. भरल्या वांग्याबरोबर आज सगळ्यांनी हीच निवडली, किंमत ऐकल्यावर आणखी खूश. दाण्याचा कूट, गोडा मसाला, गूळ-चिंच यांच्यावर तुरट लाल वाइन कडवट होते. ही होत नाही.

५ जुलै

ग्रनाश, लाल द्राक्ष. डारेनबर्गची स्टंप जंप, ग्रनाश-शिराझ-मूर्वेद, पंधराच्या आत. नाव नांगराचं आहे : जमिनीतला बुंधा लागला की फाळ वर उडी मारून पुढे जातो असा नांगर दक्षिण ऑस्ट्रेलियात १८७६ मध्ये निघाला. माळ साफ करणाऱ्यांचा वेळ त्याने वाचवला.

ग्रनाशची गोष्ट वाचली की चीड येते. १९८०च्या दशकात द्राक्ष जास्त झालं म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने शेतकऱ्यांना वेली उपटायला पैसे दिले. बरोसा आणि मॅक्लारेन व्हेलमधल्या कितीतरी जुन्या ग्रनाश, शिराझ त्यात गेल्या. फॅशन कॅबरनेची होती. ज्यांनी उपटल्या नाहीत त्यांच्या वेली आज जपल्या जातात. बरोसात आता वयाप्रमाणे नोंद आहे : ३५ वर्षांच्या ‘ओल्ड’, ७० च्या ‘सर्व्हायव्हर’, १०० च्या ‘सेंटेनेरियन’, १२५ च्या ‘अँसेस्टर’.

बाटलीत तुतं, लाल मिरीचा भास, थोडी बडीशेप. कोंबडीच्या सुक्याबरोबर छान. पिठलं-भाकरीबरोबरही घेऊन बघितली, लसणाच्या फोडणीला जमली.

२० जुलै

चार दिवसांनी दिव्यांची अमावास्या, त्यानंतर श्रावण. आमच्यातले निम्मे श्रावण पाळतात, त्यामुळे आज मटण आणि शिराझ.

माउंट लँगी गिरानची बिली बिली. हा मळा पश्चिम व्हिक्टोरियात, ग्रॅम्पियन्स डोंगररांगांजवळ, गार जागी. गार जागेच्या शिराझला काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटंडोन या संयुगाचा, आणि तेच संयुग मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये हे दाखवलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, पण सुमारे पाचातल्या एका माणसाला ते अजिबात कळत नाही.

म्हणून खलबत्त्यात मिरी कुटून वाटी टेबलावर फिरवली. आधी वाटीचा वास, मग ग्लासचा. बहुतेकांचे डोळे मोठे झाले. एका ताईंना ग्लासात मिरी काही सापडेना, त्या पुन्हा पुन्हा वास घेत म्हणाल्या, “मला नुसतं जांभूळ येतंय रे.” त्यांना नाकात दोष नाही हे समजावून सांगितलं, आणि बरोसाची मऊ, गोडसर शिराझ ओतली. तीच त्यांची.

मटण काळ्या मसाल्याचं, तिखट बेताचं, खोबरं भाजून. बिली बिली त्याच्यात अशी मिसळली की मसाला कुठला आणि वाइन कुठली ते सांगता येईना. तांबड्या रश्शाबरोबर मात्र साडेचौदा टक्क्यांची बरोसा जाळ करते, तिथे सोडा-लिंबू प्यावं.

स्वस्त लालबद्दल आणखी एक. चीनने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत कर लावला, तो मार्च २०२४ मध्ये उठला. मधल्या काळात टाक्यांत लाल वाइन साचली, रिव्हरलँड-रिव्हरिनातल्या शेतकऱ्यांचा तोडणीचा खर्चही निघेना. क्लीनस्किन म्हणजे बिननावाच्या बाटल्या सहा-सात डॉलरला दिसतात त्यामागे हेही आहे. द्राक्षाचा भाव कोसळला की काय होतं ते नाशिक-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. मला त्या बाटल्या स्वस्त म्हणून घ्यायला जड जातं. तीन डॉलर जास्त देऊन मळ्याचं नाव असलेली घेतो.

४ ऑक्टोबर

श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र संपलं, परवा दसरा झाला. आता दिवाळीचं फराळ डोळ्यांसमोर ठेवून बुडबुड्यांची वाइन.

किंग व्हॅलीचा प्रोसेको, वीसच्या आसपास. तिथली इटालियन कुटुंबं तंबाखू पिकवायची, तो धंदा बसल्यावर द्राक्षाकडे वळली. डाल झोट्टो घराण्याने १९९९ मध्ये प्रोसेको लावला. चकलीबरोबर अप्रतिम : लोण्याची खुसखुशीत चकली, तिळाची चव, आणि तोंड धुऊन काढणारे बुडबुडे. चिवड्याबरोबर तितकाच. शंकरपाळ्याबरोबर फिका.

शेवटी स्पार्कलिंग शिराझ, ऑस्ट्रेलियाची खास चीज. लालभडक, फेसाळ, थोडी गोड, गार करून. इथे नाताळच्या टर्कीबरोबर पितात. आम्ही कोंबडी वड्यांबरोबर घेतली आणि मालवणच्या काकांनी वडा मोडून ग्लासातच बुडवला. त्यांचं मत यादीत वर गेलं आहे.

दिवाळीआधी घ्यायचं : वॉटरव्हेल रीझलिंग सहा, त्यातल्या तीन कपाटात. मार्सान सहा, सगळ्या कपाटात. टॅरँगो तीन. बिली बिली तीन. प्रोसेको चार. मस्कट दोन, एक अनारशांसाठी, एक सासूबाईंच्या सामानात.